सातावरून एकावर

आमचे दादाराव कुणाच्याही गाडीत बसले की आधी पायाखालची मॅट सरळ करतात, मग पट्टा लावतात आणि गाडी हलली की डोळे मिटतात. लोकांना वाटतं, म्हातारा झोपला. झोपतात कसले! ऐकत असतात. सगळा जन्म या माणसाने ब्रेक ऐकण्यात घालवला. अकोल्याच्या आयटीआयचा फिटर, मग पुण्याचा कारखाना, आणि तिथून 'दोनच वर्षं' म्हणून कंपनीने जर्मनीत धाडलं ते आज अठ्ठावीस वर्षं झाली, आम्ही बॉबलिंगेनलाच. ब्रेक तपासायच्या विभागात होते. मशीन काय म्हणतंय ते नंतर, आधी हेर वानखडे काय म्हणतात ते बघू, असं त्यांचे जर्मन साहेबसुद्धा म्हणायचे. हेर म्हणजे मिस्टर.

बोलणं मात्र दिवसाला वीस वाक्यं. उरलेली मी बोलते. मी मीराबाई, त्यांची बायको. इथल्या एका शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करते आणि माझी जीभ तिखट आहे हे स्टुटगार्टपासून कार्ल्सरूहेपर्यंत आपल्या सगळ्या लोकांना माहीत आहे. पण एवढी तोंडाळ बाई मी, एक गोष्ट चार वर्षं गिळून बसले होते. आज दादारावांबद्दल सांगायचं तर ती ओकल्याशिवाय सांगता येणार नाही.

आमच्यातला केतन गेला, त्याची गोष्ट. नागपूरचा पोरगा, सॉफ्टवेअरमधला, आमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. ह्यांना 'दादा' म्हणायचा, मला 'वहिनी'. नुसतं म्हणायचा नाही, तसा वागायचाही. ब्लॅक फॉरेस्टमधल्या एका उतारावर त्याच्या गाडीला मागे जोडलेल्या ट्रेलरने ढकललं आणि गाडी खाली दरीत गेली. सरकारी कागदावर लिहिलंय की ट्रेलरचा ब्रेक चालकाने स्वतः कमी करून ठेवला होता, म्हणजे चूक चालकाची. त्याची बायको ऊर्मिला तेच धरून बसली. त्याची मुलगी धम्मदीपाही तेच धरून बसली.

खोटं आहे ते. ब्रेक मी कमी केला होता.

आता नीट सांगते. बॉबलिंगेनला अमेरिकन लष्कराची छावणी आहे. तिथले सैनिक बदली होऊन परत जायला निघाले की आपल्या गाड्या इथेच विकून जातात. केतनने तशीच एक राखाडी पिकअप घेतली, आपल्या टेम्पोएवढी, आणि पुढच्या वर्षी तसाच एक अमेरिकन ट्रेलर. आपल्या इथल्या बौद्ध मंडळाचं सामान न्यायला, म्हणाला. आता जर्मन ट्रेलरचं साधं असतं. गाडी थांबायला लागली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचा ब्रेक दाबला जातो. अमेरिकन ट्रेलरचं तसं नाही. त्याच्या चाकात विजेवर चालणारे लोहचुंबक असतात, आणि त्यांना हुकूम देणारी एक डबी पुढे ड्रायव्हरजवळ बसवावी लागते. कंट्रोलर म्हणतात तिला. डबीला एक चकती, शून्यापासून दहापर्यंत. जेवढा आकडा मोठा, तेवढा ट्रेलर जोरात थांबणार. इथल्या वर्कशॉपवाल्यांनी हात वर केले. मग ते काम ह्यांनीच केलं. स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला, मधोमध, डबी बसवली. ट्रेलरमध्ये वाळूची पोती भरून चकती सातावर ठेवली आणि केतनला म्हणाले, "हिला हात लावू नकोस."

"दादा, तुमच्या कामाला मी हात लावीन का?" केतन म्हणाला होता.

मग आली बुद्धपौर्णिमा. डोंगरातल्या एका गावचा हॉल घेतला होता, दीडशे माणसं येणार. खीर माझ्याकडे होती, दर वर्षीसारखी. हे, ऊर्मिला आणि धम्मदीपा आमच्या गाडीतून पुढे गेले. मी केतनबरोबर पिकअपमध्ये. मोठं पातेलं मागच्या सीटला बांधलेलं आणि एक डबा माझ्या मांडीवर. ट्रेलरमध्ये नुसत्या चटया. बसायचे बाक, मंडपाचे लोखंडी पाइप वगैरे एका शेजारच्या मंडळाने आधीच तिथे पोचवले होते, ते संध्याकाळी आम्ही परत न्यायचे होते.

ट्रेलर रिकामा आणि चकती सातावर. केतनने जरा ब्रेक दाबला की मागून असा हिसका बसायचा की काय सांगू! प्रत्येक सिग्नलला खीर उसळायची. पांढरी साडी नेसले होते मी, घडी मोडलेली त्याच दिवशी. गुडघ्यापासून खाली सगळी चिकट झाली. "अरे काय बैलगाडी हाकतोस का?" म्हणून मी केतनवर तीनदा ओरडले. तो बिचारा "सॉरी वहिनी, सॉरी वहिनी" करत होता. पंपावर पेट्रोल भरून तो पैसे द्यायला आत गेला. मी हात लांब केला आणि चकती फिरवली. सातावरून एकावर. त्याने मला आठवडाभर आधीच कौतुकाने दाखवलं होतं, वहिनी, या चकतीने कमी-जास्त होतं म्हणून. मला वाटलं, पंख्याचा रेग्युलेटर. हॉलला पोचलो की सांगू त्याला.

पुढचा सगळा रस्ता एक थेंब सांडला नाही. केतन खूश. म्हणाला, "बघा वहिनी, कशी लोण्यासारखी चालायला लागली. दादांचं काम म्हणजे काम!"

तेव्हा सांगायला हवं होतं. मी हसले. आणि हॉलमध्ये पोचल्यावर वंदना, भाषणं, दीडशे पानं, कुणाला मीठ, कुणाला पाणी, यात माझ्या डोक्यातून ते साफ गेलं. संध्याकाळी सहाला, चांगलं लख्ख ऊन होतं, पोरांनी ट्रेलरवर लोखंडी पाइप, बाक, पाण्याचे पिंप सगळं चढवलं आणि केतन एकटा निघाला. मी त्याला हातसुद्धा केला.

आमच्या घरात भूतखेत, दृष्ट, अंगारे-धुपारे असलं काही चालत नाही. बाबासाहेबांनी ते आमच्या आज्या-आजोबांच्या घरातून केव्हाच बाहेर काढलं. त्यामुळे मला जे होतं त्याला नाव नाही, आणि नाव नसलं की ते कुणाला सांगताही येत नाही. कँटीनमध्ये शेगडीला आकडे आहेत, एक ते नऊ. भाताला उकळी आली की सातावरून एकावर आणायची. रोज. चार वर्षं रोज मी ती चकती फिरवते आणि रोज कानाशी कुणीतरी म्हणतं, "लोण्यासारखी, वहिनी." आवाज नागपुरी, हसरा. मागे वळून बघते तर आमची तुर्की बाई कांदा कापत असते. बस उताराला लागली की माझे दोन्ही पाय आपोआप खाली दाबले जातात. पाठीत कुणीतरी हळूच रेटतंय असं वाटतं. जोरात नाही, हळूच, लहान मूल रांगेत पुढच्याला रेटतं तसं. एकदा मी बसमध्ये "अरे थांब ना!" म्हणून ओरडले. सगळी बस माझ्याकडे बघायला लागली.

आणि हे? केतन गेल्यावर ह्यांनी शनिवारचं काम बंद केलं. पूर्वी आमच्या दारात निम्म्या मराठी लोकांच्या गाड्या उभ्या असायच्या. हे खाली झोपलेले, पाय तेवढे बाहेर. ते सगळं संपलं. हत्यारांची पेटी तळघरात गेली. पोलिसांनी विचारलं तेव्हा हे एवढंच म्हणाले, "मी सातावर ठेवला होता." कागदावर पुढचं पोलिसांनीच लिहून टाकलं. सातावर होता आणि एकावर सापडला, म्हणजे चालकाने फिरवला. मी शेजारीच बसले होते. माझी जीभ, जी सगळ्यांना पुरून उरते, ती त्या दिवशी टाळ्याला चिकटली. आज सांगू, उद्या सांगू करता करता वर्ष गेलं, आणि एक वर्ष गप्प बसलं की दुसरं वर्ष आपोआप गप्प जातं.

या वर्षी मार्चमध्ये एकदा खाली गाडीचा हॉर्न वाजला. मी गॅलरीतून खाली पाहिलं आणि माझ्या हातातली कपड्यांची बादली सुटली. खाली राखाडी पिकअप उभी होती. तोच रंग, तोच उंच बंपर. ड्रायव्हरचं दार उघडलं. मी तुम्हाला खरं सांगते, त्या दारातून कोण उतरणार याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. मी तोंडातल्या तोंडात "ये रे बाबा" असंही म्हणाले.

उतरली धम्मदीपा. बावीस वर्षांची, बापासारखीच उंच, केस बारीक कापलेले.

कार्ल्सरूहेला शिकते. मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. खोली काही मिळत नाही तिथे, वोनुंग, म्हणजे भाड्याचं घर, म्हणजे लॉटरीच झाली आहे, म्हणून बाईसाहेबांनी चाकावरचं घर घ्यायचं ठरवलं. छावणीतून परत जाणाऱ्या एका सैनिकाची पिकअप आणि त्याचा अमेरिकन कॅरॅव्हान. ट्रेलर ओढायचं वेगळं लायसन्सही काढून बसलेली. गाडी मुद्दाम तशीच बघितली का, म्हणून मी विचारलं. खांदे उडवून म्हणाली, तीच विकायला होती.

चहा पिता पिता तिने ह्यांना सरळ विचारलं. कंट्रोलर बसवून द्याल का, काका? तुमच्याशिवाय मला कुणाचा भरवसा नाही.

हे कपाकडे बघत राहिले.

"मला सगळं शिकवा," ती जर्मनमध्ये म्हणाली. "वायर न् वायर. मला पापासारखं करायचं नाही. त्यांनी स्वतःच्या मूर्खपणाने जीव घालवला, आणि आईला मागे ठेवलं."

असं बोलली. बापाबद्दल. अगदी थंडपणे, दुकानातल्या वस्तूची तक्रार करावी तसं. दर वर्षी केतनच्या पुण्यानुमोदनाला हायडेलबर्गला ऊर्मिलाच्या घरी आम्ही जमतो, तिथेही ही पोरगी येत नाही. परीक्षा आहे, सेमिनार आहे. आम्हाला वाटायचं, दुःख सहन होत नसेल. दुःख नव्हतं ते, राग होता. आणि तो राग माझ्या वाट्याचा होता, चुकून केतनच्या दारात जाऊन पडला होता.

म्हटलं, मीरे, आत्ता बोल. तोंड उघडलं आणि म्हणाले काय, तर "चिवडा घे ना गं."

हे उठले आणि तळघरात गेले. पेटी घेऊन वर आले. चार वर्षांनी.

मग महिनाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर नुसती माहितीपत्रकं. निवडायचा कुठला यावर ह्यांचा अभ्यास सुरू झाला. दोन जातींचे असतात म्हणे. एक ठरलेल्या वेळात ठरलेलाच जोर लावणारा. तुम्ही ब्रेक हळू दाबा की जीव खाऊन दाबा, त्याला काही देणंघेणं नाही. दुसरा गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होतोय ते ओळखून तेवढाच जोर ट्रेलरला देणारा. ह्यांनी दुसरा पसंत केला. धम्मदीपाने एक तिसराच आणून दाखवला, डबी मागे आणि आकडा फोनवर बदलायचा. हे तिच्याकडे बघून एकच वाक्य बोलले, "ब्रेकचा आकडा ज्याच्या पायाखाली ब्रेक आहे त्याच्याच हातात पाहिजे." पोरगी लगेच "गेनाऊ" म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर. मी पोळ्या लाटत होते. पोळीला भोक पडलं.

काम एप्रिलमधल्या एका शनिवारी निघालं. सकाळची वेळ, शेजारचा जर्मन म्हातारा कुंपणावरून बघतोय. हे सीटखाली पाठीवर झोपलेले, धम्मदीपा वायरी सोलतेय, आणि मी टॉर्च धरून. चार वायरी. एक बॅटरीकडून येणारी, तिला मध्ये फ्यूज. एक अर्थिंगची. एक ब्रेकच्या दिव्याची, म्हणजे पाय ब्रेकवर पडला की डबीला कळावं. आणि निळी, जी पार मागे ट्रेलरपर्यंत जाते. पोरगी प्रत्येक वायर हातात घेऊन जर्मनमध्ये तिचं नाव म्हणायची, हे मान हलवायचे. किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी जिवंत दिसत होतं. मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण त्या गाडीच्या आत वाकले की मला वेलचीचा वास यायचा. गाडी अमेरिकन माणसाची, आत वास असलाच तर कॉफीचा असणार. तरी वेलचीच.

मग डबी बसवायची वेळ आली. ह्यांनी ती आधी स्टिअरिंगच्या उजवीकडे धरून बघितली. तिथेच, जिथे केतनच्या गाडीत होती. क्षणभर तशीच धरली. मग डावीकडे नेली, दाराच्या अंगाला, ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या वर, आणि पेन्सिलने खूण केली.

"अहो, तिकडे कुठे कोपऱ्यात? इकडे मध्ये चांगली ऐसपैस जागा आहे की," मी म्हणाले.

"इथे दुसऱ्या कुणाचा हात पोचत नाही," हे म्हणाले.

टॉर्च माझ्या हातातून पडला. ह्यांनी तो उचलला, माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "नीट धर."

बस, एवढंच. पुढचा आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. ह्यांना ठाऊक आहे? की सहज बोलले? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच असेल. जेवताना मी त्यांच्या तोंडाकडे बघायची, ते आमटीत बघायचे. दोनदा मी "अहो" म्हटलं. दोनदा त्यांनी "काय" म्हटलं. दोन्ही वेळा मी मीठ कमी झालंय का विचारलं. छत्तीस वर्षांचा संसार आमचा, आणि दोन माणसं एका टेबलाशी चोरासारखी बसलेली. आणि तिसरंही कुणीतरी बसलेलं. मी एकदा खरंच तीन ताटं वाढली. ह्यांनी तिसऱ्या ताटाकडे पाहिलं, उचललं आणि कपाटात ठेवून दिलं. कुणासाठी म्हणून विचारलं नाही.

दुसऱ्या शनिवारी कारखान्यांच्या भागातलं एक मोकळं पार्किंग गाठलं. तिथे शनिवारी चिटपाखरू नसतं. कॅरॅव्हानमध्ये पाण्याचे कॅन आणि वाळूची पोती भरून वजन केलेलं. धम्मदीपा चालवायला, हे शेजारी, मी मागच्या सीटवर. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण मला घरी राहवेना.

पद्धत अशी. चाळिसाच्या वेगाने सरळ जायचं आणि पायाने ब्रेक न लावता डबीचा खटका सरकवायचा, म्हणजे नुसता ट्रेलरच ब्रेक लावतो. चाकं घसरली तर आकडा जास्त झाला, ट्रेलर रेंगाळला तर कमी. ह्यांनी डोळे मिटले. "अजून," म्हणाले. "अजून. आता अर्धा कमी." आठ-दहा फेऱ्या झाल्या. शेवटच्या वेळी गाडी आणि ट्रेलर असे एकत्र थांबले की मला कळलंच नाही कधी थांबले. पाठीत रेटा नाही, काही नाही. चार वर्षांत पहिल्यांदा माझे पाय सैल पडले.

"भरलेला असताना साडेसहा," हे तिला म्हणाले. "रिकामा असताना तीन. प्रत्येक वेळी निघण्याआधी बघायचं. कुणी काही सांगू दे, तू स्वतः बघायचं."

पोरीने फोनमध्ये लिहून घेतलं. मग स्टिअरिंगवर हात ठेवून जर्मनमध्ये म्हणाली, "एवढं सोपं होतं. एक नजर टाकायची. एवढंसुद्धा पापाला जमलं नाही."

"गप्प बस!" मी ओरडले.

दोघंही मागे वळले. मला वाटलं नव्हतं माझ्यात एवढा आवाज शिल्लक असेल.

"बापाला नावं ठेवू नकोस. त्याने नाही फिरवली ती चकती. मी फिरवली. पंपावर. तो आत गेला होता. माझी खीर सांडत होती, माझी साडी खराब होत होती, म्हणून मी फिरवली. सातावरून एकावर. आणि सांगायला विसरले. तो संध्याकाळी निघाला तेव्हा मी तिथे उभी होते गं, हात हलवत. मग तो गेल्यावर मला आठवलं. आठवलं आणि तरी नाही सांगितलं. पोलिसांना नाही, तुझ्या आईला नाही, ह्यांनासुद्धा नाही."

"मला माहीत होतं, मीरा," हे म्हणाले.

ते पुढे काचेतून बाहेर बघत होते. "केतन कुणी सांगितलं तर ऐकणारा. मी म्हटलं हात लावू नकोस, त्याने लावला नसता. गाडीत दुसरं कुणी नव्हतं. त्याच रात्री कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?" मी रडायला लागले होते. "मला मारायचं होतंत! चारचौघांत उभं करायचं होतंत!"

"कारण मला दुपारीच कळायला हवं होतं," हे म्हणाले. एवढी सलग वाक्यं मी ह्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. "जेवताना तो माझ्या शेजारी बसला होता. म्हणाला, दादा, सकाळी हिसके देत होती, पंपानंतर लोण्यासारखी चालायला लागली. चाळीस वर्षं मी ब्रेकचं काम करतो. ब्रेक आपोआप सुधारत नाही. कधीच नाही. पहिल्या दिवशी शिकवतात ते आम्हाला. उठून दहा पावलं जायचं होतं आणि बघायचं होतं. पण चार माणसांसमोर तो माझं कौतुक करत होता. मला बरं वाटत होतं. मी बसून राहिलो. आणि नंतर कागदावर त्याचं नाव लागलं, तेही मी लागू दिलं. ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर सगळं ढकललं आम्ही दोघांनी."

इंजिन चालू होतं, ते धम्मदीपाने बंद केलं. दोन्ही हात मांडीवर घेतले. दूर एक माणूस कुत्रा घेऊन चालला होता, तो पार्किंगच्या टोकाला पोचून परत फिरला.

"म्हणजे पापाने काहीच केलं नव्हतं?" तिने विचारलं. जर्मनमध्येच, अगदी बारीक आवाजात.

"काहीच नाही," मी म्हणाले.

"मी त्यांच्या अंत्यविधीत रडले नाही," ती म्हणाली. "माझा त्यांच्यावर इतका राग होता की मी आईला म्हटलं, या माणसासाठी मी रडणार नाही. त्यांचे फोटो मी फोनमधून काढून टाकले. सगळे." आणि मग तिचा चेहरा असा काही मोडला की मी मागच्या सीटवरून हात पुढे केला. तिने तो झटकला. जोरात झटकला. बरोबरच केलं तिने.

हे खाली उतरले, गाडीला वळसा घालून तिच्या दाराशी गेले आणि नुसते उभे राहिले. तिने दार उघडलं नाही, पण काच खाली केली. बराच वेळ ती रडली. चार वर्षांचं रडणं होतं ते, एका बैठकीत कुठलं संपायला. मी मागे बसून ऐकत होते. माझ्या कानाशी त्या वेळी दुसरं कुणीही बोललं नाही.

शेवटी तिने बाहीने नाक पुसलं, डॅशबोर्डवरचा फोन उचलला, एक नंबर लावला आणि मागे न बघता माझ्याकडे धरला.

"आईला तुम्ही सांगा," ती म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान हलवली. मी फोन स्पीकरवर टाकला.

चार घंट्या झाल्या. पाचवीला ऊर्मिलाने उचलला. मागे मिक्सरचा आवाज येत होता, तो तिने बंद केला.

"काय गं दीपा?"

"मी मीराबाई बोलतेय," मी म्हणाले.

"अगं बाई, ताई तुम्ही! जय भीम. आज कशी काय आठवण काढलीत माझी?"

"जय भीम, ऊर्मिला," मी म्हणाले. "आधी कुठेतरी खाली बस."